कलती मॉरिस

१

शेजारच्या सहादेवच्या पिठाच्या गिरणीचं इंजिन सकाळी पुकपुकायला लागलं, की सूर्यभानतात्या चहाची बशी खाली ठेवत, लष्करातून आणलेला जुना खाकी शर्ट अंगात चढवत आणि अंगणात उतरत. सारी उमर त्यांनी नगरच्या लष्करी वर्कशॉपात काढली होती, ट्रकांच्या आणि जीपगाड्यांच्या पोटाखाली पाठीवर निजून. पेन्शनीत निघून मिरजगावला आल्यावर लोकांनी त्यांना भजनाला बोलावून पाहिलं, शेतीत घालून पाहिलं. पण हाताला ग्रीस लागल्याशिवाय त्यांना दिवस उगवल्यासारखा वाटत नसे.

त्या उन्हाळ्यात त्यांच्या अंगणात एक मॉरिस उभी होती. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, कापडी टपाची, चार माणसांची विलायती गाडी. साल त्र्याहत्तर. पाऊस रुसलेला, विहिरींचे तळ उघडे पडलेले आणि उजाडताच सारं गाव सरकारी कामावर खडी फोडायला गेलेलं. दुपारी गल्लीत ऊन, म्हातारी माणसं आणि गिरणीचा आवाज एवढंच मागे उरे. अशा वर्षी मोटार कसली दुरुस्त करत बसायची, असं लोक आपसांत म्हणत. तात्यांच्या तोंडावर मात्र कुणी म्हणत नसे, कारण गाडी कशासाठी आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं.

आदल्या वर्षी तात्यांची बायको रंगुबाई न्हाणीत पाय घसरून पडली. हाडवैद्याने खुबा बसवला, पण तो कलता बसला. तेव्हापासून ती एका अंगावर झुकून चाले आणि बसता-उठता ओठ दाताखाली धरी. एस.टी.ची उंच पायरी तिला चढवेना, बैलगाडीचा हिसका सोसवेना. मुलगा पिंपरीला कारखान्यात, त्याला सुट्टी मिळेना. नगरच्या मोठ्या डॉक्टरकडे तिला न्यायची तर मऊ सीटवर, अलगद न्यायला हवी होती. तात्या म्हणाले, मीच गाडी उभी करतो.

गाडी नेवाशाला मिळाली. राधाकृष्ण म्हणून एक जण होता, त्याच्या चुलत्याची. नदीच्या अंगाला पत्र्याची शेड, तिच्यात ती कित्येक वर्षं न हलता उभी होती. चारी चाकांखाली घडीव दगड सरकवून ती सपाट केलेली होती. इतकी, की तात्यांनी आतल्या तळावर बेअरिंगची एक गोळी ठेवून पाहिली, ती जागची घरंगळली नाही.

"येवढी लेव्हल कुनी काढली?" तात्यांनी कौतुकाने विचारलं.

"काकांनी," राधाकृष्ण म्हणाला. "काकू गाडीत असताना पुरात सापडून गेल्या, त्यानंतर त्यांनी गाडी चालवली नाही. पण रोज येऊन बघायचे, कुठं कलली तर नाही ना."

"गाडी कलून काय हुतंय?"

"ते मी कधी विचारलं नाही," राधाकृष्ण म्हणाला. गाडी बाहेर निघेपर्यंत तो शेडच्या दारातच उभा राहिला. आत आला नाही.

२

गाडीचं वरचं अंग बरं होतं. बिघाड सगळा तळाला. वाळून दगड झालेल्या चिखलाचे थर, त्याखाली गंज, आणि कुठे कुठे पत्रा पापडासारखा झालेला. पाठीवर निजून काम करायचं तात्यांचं वय राहिलं नव्हतं. लष्करात लहान गाड्या कधीमधी कुशीवर घालून त्यांचा तळ साफ करत, तेच घरी करायचं त्यांनी योजलं. इंजिन उतरवलं, पेट्रोलची टाकी काढली, टप काढला, सीटं काढून ओसरीच्या कोपऱ्यात रचली. कडुनिंबाच्या जाड फांदीला चेनकप्पी टांगली. गाडीच्या डाव्या बाजूला जुनी टायरं आणि भुशाची पोती अंथरली. खडीवरून माणसं परतली तेव्हा सहादेव दोन-चार गडी घेऊन आला.

"हळू," तात्या साखळी ओढत म्हणाले. "पोर कुशीवर वळवतो तसं."

उजव्या बाजूची चाकं जमिनीवरून सुटली, हळूहळू माणसांच्या खांद्यापर्यंत गेली आणि मॉरिस डाव्या कुशीवर पोत्यांत टेकली. गड्यांनी बाभळीचे टेकू लावले, दोर आवळले, घाम पुसत सगळे मागे सरले. साखळीसुद्धा हलायची थांबली. आणि मग गाडीच्या आत काहीतरी सरकलं. सावकाश. छकडा कलला की आतली बाई पदर आवरून पुन्हा नीट बसते, तसा तो आवाज.

"आत काय ठिवलंय का तात्या?" सहादेवने विचारलं.

"रिकामी हाय."

सहादेव पुढून जाऊन बघून आला. गाडी रिकामीच होती. आता तिचा तळ कंपाउंडच्या भिंतीकडे तोंड करून दुसऱ्या भिंतीसारखा उभा होता. दोन्हींच्या मध्ये एका माणसाला उभ्याने काम करता येईल एवढी बोळ राहिली होती. टप काढल्याने उघडी पडलेली वरची बाजू ओसरीकडे आली होती. ओसरीवर बसलं की गाडीचा आतला भाग भिंतीतल्या मोठ्या कोनाड्यासारखा समोर दिसे. तिथे एखादं मांजर बसलं असतं तरी दिसलं असतं.

"पत्रा तापलेला, सांजच्याला आकसतो," तात्या म्हणाले. आणि ते खरंही होतं. पत्रा आकसतोच.

३

दुसऱ्या दिवशी बोळीत उभं राहून ते चिखल खरवडत होते. पत्र्याची पट्टी, तारेचा ब्रश, खाली घमेलं. कामाला लय आली होती. मध्येच त्यांच्या लक्षात आलं, की शर्ट छातीवर ओला झालाय.

आधी वाटलं घाम. मग वाटलं, कुठेतरी ऑइल राहिलं असेल. बोटाने चाचपून त्यांनी वास घेतला. वास नव्हता. पाणी होतं, आणि थंड होतं. त्यांनी खाली पाहिलं. पायाशी धूळ कोरडी फटफटीत.

तात्यांनी पट्टी खाली ठेवली आणि पत्र्याकडे बघत उभे राहिले. मधल्या आडव्या पट्टीच्या एका रिबिटाशी थेंब धरत होता. थेंब मोठा झाला. उभ्या भिंतीवरचा थेंब ओघळून खाली जायला हवा. हा ओघळला नाही. तो त्यांच्याकडे लांबत आला, सुटला आणि सरळ येऊन त्यांच्या छातीवर फुटला.

त्यांनी पंजा पुढे केला. थेंब तळहातावर पडला. मग दुसरा. गळक्या नळाखाली हात धरावा तसा त्यांचा हात उभा होता, आणि पाणी आडवं येत होतं. तळहातावर जमल्यावर मात्र ते मनगटावरून ओघळून कोणत्याही पाण्यासारखं मातीत पडत होतं.

गाडी चाकांवर उभी असती तर तिच्या तळातून पाणी असंच गळलं असतं, खाली. त्यांच्या डोक्यात हा विचार आला आणि तो त्यांना आवडला नाही. गाडी कलली होती. तिच्यातलं काहीतरी कललं नव्हतं.

"वारं असंल," ते स्वतःशी म्हणाले. झाडाचं पान हलत नव्हतं.

४

गाडीची चासी पिळवटली आहे का ते बघायला तात्यांकडे गवंड्याचा ओळंबा होता. दुपारी त्यांनी तो बोळीत, वरच्या चाकाला बांधून सोडला. दोरी सरळ खाली आली. लोखंडी लंबक झुलून थांबला. त्यांना बरं वाटलं. मग ते गाडीला वळसा घालून ओसरीच्या बाजूला आले, वरच्या दाराच्या कडेला दोरी बांधली आणि ओळंबा गाडीच्या आत सोडला.

लंबक खाली निघाला. मध्येच दोरी तिरपी झाली. कुणी ओढल्यासारखी नाही, अगदी संथ, ज्याचं त्याला वजन असतं तशी. लंबक तळाच्या पत्र्याकडे गेला, त्याला टेकला, टक् असा आवाज झाला, आणि तिथेच राहिला. दोरी ताठ होती. तात्यांनी ती बोटाने उचलून पाहिली. लंबकाचं वजन बोटाला लागलं, पण चुकीच्या दिशेने.

त्यांनी दोरी सोडली, गुंडाळली, ओळंबा खिशात घातला. मागे ओसरीवर रंगुबाई सूप मांडीवर घेऊन बसली होती. सुपातले दाणे तसेच होते. ती गाडीच्या पोकळीकडे बघत होती.

"काय बघतीस?"

"काय न्हाई. गार वाटतं त्या बाजूनं."

"उनात गार?"

"व्हय," ती म्हणाली. "तुमी कामात आसता. मला कुनी बोलायला नसतं. बघत बसते."

तिने मान थोडी एका बाजूला कलती धरली होती. दुखणं सोसायला ती तशी धरते, असं तात्यांना वाटलं. मग लक्षात आलं, ती मान गाडीच्या बरोबरीने कलती आहे.

५

पुढचे दिवस त्यांनी कामावर नेट लावला. लवकर संपवायचं आणि गाडी चाकांवर घ्यायची, म्हणजे हा सगळा डोक्याचा ताप सुटेल. उन्हाने माणसाला काहीही दिसतं, लष्करात वाळवंटातल्या ड्युटीवरून आलेली पोरं किती काय काय सांगत. चिखल निघाला, गंज निघाला, मागच्या सीटखालचा पत्रा घासून चकचकीत झाला. तो अजून धड होता. त्याच्यावर फक्त दोन फुगवटे होते, शेजारी शेजारी, वीतभर लांब. आतून बाहेर आलेले.

तात्यांनी लाकडी हातोड्याने ते ठोकून बसवले. सकाळी फुगवटे परत होते. थोडे लांब लांब.

आता माणूस इतकी वर्षं पत्र्याशी झटलेला असला, की त्याला पत्र्याचा स्वभाव कळतो. जुना पत्रा ठोकला की उलटा फुगतो, त्याला ताण असतो. हे सगळं मनाशी म्हणत तात्यांनी एका फुगवट्यावर तळहात ठेवला. तापलेल्या पत्र्यात तेवढीच जागा गार होती. आणि त्यांच्या हाताखाली फुगवटा विरत गेला. पत्रा सपाट झाला. थोड्या वेळाने, वीतभर बाजूला, तसाच दुसरा हळूच वर आला.

कुणाच्या पायाला चुकून हात लागावा आणि त्याने पाय आखडून घ्यावा, तसं.

तात्यांचा हात आपोआप स्वतःच्या कपाळाशी गेला. नंतर कितीतरी वेळ ते भिंतीला पाठ लावून उभे होते. सहादेवला हाक मारावी असं मनात आलं. पण काय सांगणार? पत्रा फुगतोय म्हणून?

त्या दुपारी जेवताना त्यांनी तांब्या तोंडाला लावला. पाणी गोड होतं, बर्फासारखं गार. गावात टँकर आला नव्हता. आदल्या दिवशी रांजणाच्या तळाशी मातकट गाळ तेवढा होता.

"पानी कुटलं हे?"

"गळतंय ते धरलं," रंगुबाई म्हणाली. "वाया कशाला घालवायचं."

तात्यांनी घास तसाच ठेवला. ते उठून बोळीत गेले. मागच्या चाकाशी तिने एक तांब्या टेकवून ठेवला होता. आडवा, दोन विटांवर, तोंड पत्र्याकडे करून. आडवा असून तो काठोकाठ भरलेला होता. तात्यांनी तो उचलला आणि पत्र्यापासून दूर नेला, तेव्हा कुठे पाणी भडाभडा सांडलं.

६

गिरणीचा पट्टा तुटला त्या दिवशीची गोष्ट. भर दुपार. सहादेव पट्टा शिवायला घेऊन बसला होता आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच गल्ली पूर्ण शांत झाली होती. तात्या बोळीत शेंदरी रंगाचा पहिला हात देत होते.

त्यांना रंगुबाईचा आवाज ऐकू आला. ओसरीवरून येतो तसा लांबचा नाही. पत्र्याच्या पलीकडून, अगदी हाताच्या अंतरावरून. ती खालच्या सुरात कुणाशी तरी बोलत होती. माहेरची गोष्ट होती काहीतरी, आंब्याची. मध्येच ती थांबे, ऐकल्यासारखी, आणि "व्हय, व्हय" म्हणे.

तात्यांच्या डोळ्यांसमोर, ओल्या रंगातून, दोन फुगवट्यांच्या शेजारी आणखी दोन वर आले. लहान. त्यातल्या एकाच्या टोकाशी बारीक गाठ होती, जोडव्याएवढी.

ब्रश टाकून ते वळसा घालून धावले.

ओसरी रिकामी होती. सूप खाली पडलेलं. रंगुबाई गाडीत होती. आणि तात्यांना तिची टाळू दिसत होती.

ते आपल्या अंगणात सरळ उभे होते, समोर बघत होते, आणि त्यांना बायकोच्या डोक्याचा माथा दिसत होता, काठावरून विहिरीत वाकून बघावं तसा. ती उभ्या पत्र्यावर पाय ठेवून, जिथे सीट असायची तिथे ताठ बसली होती. पदर त्यांच्यापासून दूर, तळाकडे लोंबत होता. मांडीवर हात होते. कुठे टेकलेली नाही, कुठे धरलेलं नाही. ती न्हाणीत पडल्यापासून तिला इतकं सरळ बसलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

"रंगू," ते म्हणाले.

तिने मान वर केली, म्हणजे त्यांच्याकडे. चेहरा निवलेला होता.

"हितं दुखत न्हाई वो," ती म्हणाली.

तिच्या शेजारी दुसरा भांग होता. काळेभोर ओले केस, मधोमध पांढरी रेघ, अंबाड्यातून पाणी तळाकडे ठिबकत होतं. तात्यांनी तो पाहिला आणि तेवढ्यात ते डोकंही सावकाश वर व्हायला लागलं, त्यांच्याकडे. कपाळाची कड दिसली. तात्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले, हात आत घातले, रंगुबाईचे दंड धरले आणि ओढलं.

ती आली नाही. तिचं वजन जमिनीकडे नव्हतंच, ते त्यांच्यापासून लांब, आत होतं. एक पाय गाडीच्या कडेला रोवून, पोहऱ्याचा दोर खेचावा तसं ते मागे रेलून खेचत राहिले. तिचा दुसरा हात कुणीतरी धरला होता. ओढत नव्हतं कुणी. पाहुणी निघाली की घरची बाई हात हातात घेते, तसा नुसता धरला होता. मग तो सुटला.

दोघं अंगणात कोसळले. गाडीच्या कडेबाहेर येताच रंगुबाईचं सगळं वजन एकदम जमिनीकडे वळलं आणि ती दुखऱ्या खुब्यावर पडली. तिची किंकाळी ऐकून सहादेव हातातला पट्टा घेऊनच पळत आला.

७

त्याच संध्याकाळी गाडी चाकांवर घेतली. रंग ओला होता, दुसरा हात राहिला होता. सहादेवने विचारलं, "काम झालं का तात्या?" तात्या म्हणाले, "झालं." गडी गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण दगड हुडकतो आहोत, एका चाकाखाली सरकवायला. ती जागा थोडी उताराची होती. त्यांनी दगड सरकवला, पुन्हा वाकून बघितलं, आणखी एक सरकवला.

रंगुबाई अंथरुणाला खिळली. आता झुकूनही उभं राहवेना. सहादेवच्या ओळखीच्या ट्रकात गवताची गादी करून तात्यांनी तिला नगरला नेलं. मांडीवर तिचं डोकं घेऊन ते साऱ्या वाटेने खड्डे मोजल्यासारखे अंग आखडत राहिले. डॉक्टर भला माणूस होता. त्याने फोटो काढला, उजेडावर धरून बराच वेळ पाहिला, आणि तात्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की हाड आता वयाने जुळत नाही, गोळ्या देतो, त्रास कमी होईल तेवढा होईल.

त्रास कमी झाला नाही. गोळ्यांनी ती थोडा वेळ डोळे मिटी आणि कण्हतच जागी होई. तात्या तिला भरवत, पुसत, कूस बदलत. कूस बदलताना ती ओरडू नये म्हणून पदराचा बोळा दातांत धरी. तो आवाज त्यांना गिरणीच्या आवाजातही ऐकू येई. त्या बोळीविषयी, त्या पोकळीविषयी तात्या काही बोलत नसत. तीही बोलत नसे. गाडीवर त्यांनी ताडपत्री टाकली होती.

एकदा सकाळी ते तिला पेज पाजत होते. दोन घोट घेऊन तिने चमचा बाजूला केला.

"अवो, गाडी पुन्हा एकदा कुशीवर घाला," ती म्हणाली. चुलीत आणखी एक लाकूड सरकवा म्हणावं, तशा सुरात.

"काय बोलतीस तू?"

"मला तितं बसवा. दुखत न्हाई."

"रंगू, तितं काय हाय ते तुला ठावं हाय का?"

"बाई हाय. चांगली हाय." मग ती म्हणाली, "लई दिस एकलीच बसलीया. तिला कुनी सांगितलंच न्हाई."

"काय सांगितलं न्हाई?"

रंगुबाईने भिंतीकडे तोंड फिरवलं. पेज गार झाली, ती त्यांनी ओतून दिली.

ते नाही म्हणत राहिले. ती मागत राहिली नाही, पण मिटल्या ओठांनी सोसत राहिली, आणि ते जास्त वाईट होतं. तात्यांनी देवाला मागून पाहिलं. हाडवैद्याला पुन्हा बोलावलं. तो दारातूनच तिच्याकडे बघून परत गेला. एका दुपारी तिच्या दातांतला बोळा निसटला. ती ओरडली नाही. नुसतं त्यांच्याकडे बघितलं.

तात्या उठले.

८

गाव खडीवर गेलेलं होतं. त्यांनी सहादेवला हाक मारली नाही. पोती तिथेच होती, टेकू तिथेच होते. ताडपत्री काढली, साखळी अडकवली आणि ते एकटे ओढायला लागले. आधी चौघांचा जोर लागला होता. या वेळी गाडी साखळीबरोबर अलगद आली, जणू कुणी आतून अंग हलकं केलं. ती कुशीवर टेकली. या वेळी आत काही सरकल्याचा आवाज झाला नाही.

तात्यांनी रंगुबाईला दोन्ही हातांवर उचललं. ती वाळून पाचोळा झाली होती. तिला घेऊन ते गाडीच्या उघड्या बाजूशी आले आणि मान खाली घातली. समोर बघायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. तिच्या पायांना आतला गारवा लागला मात्र, तिचं वजन त्यांच्या हातांवरून निघालं. खाली उतरलं नाही ते. पुढे गेलं.

"हं," ती म्हणाली. घरी आल्यावर माणूस म्हणतं तसं.

तिच्या कण्हण्याची इतकी सवय झाली होती, की ते थांबल्यावर तात्यांच्या कानांत दडे बसल्यासारखं झालं. ते तसेच, मान न उचलता, बोळीत गेले आणि शेंदरी पत्र्याला खांदा लावून उभे राहिले. खांद्याशी पत्रा गार होता. गिरणी चालू होती. तिच्या पुकपुकीतून त्यांना दोन आवाज ऐकू येत होते. एक रंगुबाईचा. दुसऱ्याचे शब्द लागत नव्हते, पाण्यावरून आल्यासारखा तो हलत होता. मग दोघी हसल्या. रंगुबाई कितीतरी दिवसांनी हसली होती. तात्यांना रडू आलं. बाहीने त्यांनी डोळे पुसले. बाही ओलीच होती, पत्र्यातून आलेल्या थेंबांनी.

बराच वेळ गेला असावा. भिंतीवरचं ऊन सरकलं. तिला आता बाहेर घ्यायला हवं, असं त्यांच्या मनात येई आणि मग ती कशी किंचाळेल ते आठवे. माणूस पाऊण तास सुखात असेल तर अजून थोडा वेळ असू दे, असं ते स्वतःला सांगत होते.

गिरणीचं इंजिन बंद झालं. सहादेव जेवायला गेला असेल. बोळीत थेंबांचा आवाज तेवढा राहिला.

"अवो," पत्र्याच्या पलीकडून रंगुबाई म्हणाली.

"काय?"

"ती म्हनती, तुमी बी या. म्होरं बसा." मध्ये थोडी शांतता गेली, कुणीतरी काहीतरी सांगत असल्यासारखी. "गाडी चालवाय कुनी न्हाई म्हनती."

तात्यांनी पुढच्या बाजूला पाहिलं. मागच्या पत्र्यावर चार पावलं स्पष्ट उठली होती, दोन मोठी, दोन लहान. पुढचा पत्रा, जिथे चालवणाऱ्याचे पाय येतात तो, सपाट आणि कोरा होता. त्यांनीच तो घासून, ठोकून, रंगवून नीट केला होता.

खिशातलं फडकं काढून त्यांनी हात पुसले. बोटांच्या बेचक्यांतलं ग्रीससुद्धा पुसलं. गल्लीत एकदा नजर टाकली. कुणी नव्हतं. लांब माळावर खडी फुटल्याचे आवाज येत होते, बारीक, एकामागून एक. मग ते वळसा घालून गाडीच्या उघड्या बाजूशी आले आणि वहाणा काढून जमिनीवर जोडीने ठेवल्या.

उजवा पाय उचलून त्यांनी समोरच्या उभ्या पत्र्यावर ठेवला. पाय घसरेल असं त्यांना अजूनही वाटत होतं. तो टेकला.